लंगड्या घोडीला कळप हवा

दिल्लीला जाणारा मराठी प्रवासी लाल किल्ला, कुतुबमिनार आणि करोलबागेतली खरेदी उरकतो आणि आग्र्याच्या बसमध्ये बसतो. यमुना ओलांडून पूर्वेकडे जायचे त्याला सहसा कारण पडत नाही. पडलेच तर अक्षरधाम मंदिरासाठी. मेट्रोची निळी गाडी अक्षरधामला थांबली की निम्मा डबा रिकामा होतो. त्याच्या पुढचे स्थानक मयूर विहार फेज वन. फलाटावर उतरून पश्चिमेकडे पाहिले की दिल्ली एकदम संपल्यासारखी वाटते. रस्त्याच्या पलीकडे भाजीचे वाफे, झोपड्या, गवताची रांग आणि त्यामागे यमुना. या नदीकाठच्या पूरमैदानाला इथले लोक खादर म्हणतात.

मयूर विहारमध्ये पाहण्यासारखे काय आहे, असे कुणी विचारले तर सांगायला फारसे नाही. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका आणि सहकारी सोसायट्या आहेत. केरळी मंडळींचे प्रसिद्ध उत्तर गुरुवायूरप्पन मंदिर आहे. सकाळी तिथे मोगऱ्याचा आणि समईच्या तेलाचा वास दरवळत असतो. वसाहतीला लागूनच पटपडगंज आहे, आणि मराठी माणसाने तिथे क्षणभर तरी थांबावे. 11 सप्टेंबर 1803 रोजी याच भागात दौलतराव शिंद्यांच्या फौजेची इंग्रज सेनापती लेकशी लढाई झाली. शिंद्यांचा पराभव झाला आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. त्या लढाईचे स्मारक आज नोएडाच्या गोल्फ मैदानात उभे आहे. ज्या महादजी शिंद्यांनी दिल्लीत मराठ्यांचा दरारा बसवला, ते स्वतः पानिपतच्या जखमेने एका पायाने कायमचे अधू झाले होते. राणेखान नावाच्या भिश्त्याने रणातून सोडवले नसते, तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. लंगडेपणाचा हा उल्लेख उगाच केलेला नाही. या लेखाचा विषयच लंगडा पाय आहे, फक्त तो घोडीचा.

तुळशीचे लग्न लागले की दिल्लीत सराई सुरू होते. मग मयूर विहारच्या रस्त्यांवर रोज रात्री एक-दोन तरी वराती अडकलेल्या दिसतात. पुढे बँड, डोक्यावर दिव्यांची झुंबरे घेतलेली माणसे, मागे जनरेटरची गाडी आणि मध्ये जरीच्या झुलीखाली पांढरी घोडी. आपल्याकडेही नवरदेव घोड्यावर बसतो, पण मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत, तासाभराचा मामला. इथे वरात दोन-तीन तास नाचत राहते आणि एका रात्रीत घोडीला दोन-तीन लग्ने गाठायची असतात. यात घोडी चालते थोडी आणि उभी राहते फार. डांबरावर, फटाक्यांच्या धुरात, तोंडात लगाम आवळलेला. काही लगामांना आतून काटे असतात. 1965 च्या केंद्रीय नियमांनुसार काटेरी लगामाला बंदी आहे, पण झुलीच्या झगमगाटात घोडीच्या तोंडात कोण डोकावतो?

अशा वरातीत एकदा नीट निरखून पाहावे. घोडीचा पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना ती मान वर झटकते आणि चांगला पाय टेकताना मान खाली सोडते. उभी असताना दुखरा पाय थोडा पुढे काढून ठेवते. ताशाच्या आवाजात लोकांना वाटते, घोडी नाचते आहे.

लंगडली की पुढे काय

घोडी पाळणाऱ्या घराचे सगळे बिऱ्हाड तिच्या चार पायांवर उभे असते. सराईच्या महिन्यांत मिळालेल्या पैशांवर उरलेले वर्ष काढायचे, चंदी आणि भुसा विकत आणायचा, नालबंदाचे पैसे द्यायचे. घोडी ऐन सराईत लंगडली तर मालकापुढे मोजकेच मार्ग राहतात. दोन दिवस विश्रांती देऊन, वेदना दबेल असे औषध टोचून तिला पुन्हा उभी करायची. नाहीतर कमी भावात विकून टाकायची. दिल्लीच्या भोवती उत्तर प्रदेश आणि हरियाणात विटांच्या भट्ट्यांची रांग लागली आहे आणि तिथे गाडा ओढायला जनावर नेहमीच हवे असते. लग्नात मिरवलेली घोडी तिथे पोचली की तिच्या अंगावर झूल नसते, एवढाच तिच्या दृष्टीने चांगला फरक. तिसरा मार्ग म्हणजे रात्री कुठेतरी सोडून देणे.

आजारी किंवा अधू जनावराला कामाला लावणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा घोडीला कामावरून काढतो, तिला ठेवायचे कुठे हे सांगत नाही. हा प्रश्न दिल्लीने आधीही पाहिला आहे. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या सुमारास महापालिकेने टांगे बंद केले. मुंबईत 2015 साली उच्च न्यायालयाने हौसेच्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या. दोन्ही निर्णयांचे घोड्यांवर प्रेम करणाऱ्यांनी स्वागत केले, आणि ते बरोबरही होते. पण गाडी थांबली म्हणून घोड्याचे पोट थांबत नाही. तो 25 ते 30 वर्षे जगू शकणारा प्राणी आहे.

पूर्वी अशा जनावराला निदान नदीकाठची जमीन होती. आता खादरावरही ताण आहे. प्रदूषित पाण्यामुळे तिथल्या भाजी-शेतीवर राष्ट्रीय हरित लवादाने 2015 साली निर्बंध घातले, झोपड्या वरचेवर हटवल्या जातात, आणि जुलै 2023 मध्ये यमुनेने 208.66 मीटरची विक्रमी पातळी गाठली तेव्हा खादरातली कुटुंबे गुराढोरांसह मयूर विहारच्या रस्त्याकडेला ताडपत्रीखाली राहत होती. त्या गर्दीत लंगड्या जनावराला जागा कुठून मिळणार?

म्हणून मग गावाबाहेरचे आश्रम. दिल्लीत 1979 पासून काम करणाऱ्या फ्रेंडिकोज संस्थेचे मुख्य ठिकाण डिफेन्स कॉलनीच्या उड्डाणपुलाखाली आहे, पण घोडे, खेचरे, गाढवे अशा मोठ्या जनावरांसाठी तिने गुरुग्रामच्या बाजूला वेगळा आश्रम उभारला. आपल्या सांगलीत 2003 पासून ॲनिमल राहत ही संस्था साखर कारखान्यांच्या बैलांसाठी आणि टांग्याच्या घोड्यांसाठी काम करते. तिच्याकडेही निवृत्त जनावरांसाठी हक्काची जागा आहे. अशा ठिकाणी जनावर पोचले की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. घोडीच्या दृष्टीने मात्र खरी कसोटी तिथून सुरू होते.

पहिले तीन आठवडे एकटीचे

समजा, खादरालगतच्या एखाद्या वस्तीतली एक पांढरी घोडी अशा ठिकाणी आली आहे. ट्रकमधून उतरताना ती थरथरते. समोर दहा-बारा घोडे मोकळे फिरताना दिसतात आणि ती जिवाच्या आकांताने खिंकाळते. पाहणाऱ्याला वाटते, सोडा बिचारीला तिच्या भाऊबंदांत. नेमके तेच करायचे नसते.

पहिले कारण रोगाचे. जानेवारी 2018 मध्ये पश्चिम दिल्लीतल्या एका प्राणी-निवाऱ्यातल्या काही घोड्यांना ग्लँडर्स झाल्याचे निघाले. हा रोग माणसालाही होऊ शकतो आणि बाधित घोड्याला कायद्याने दयामरण द्यावे लागते. त्या भागात घोड्यांच्या ने-आणीवर बंदी घालावी लागली. त्यामुळे नव्या जनावराचे रक्त हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रासारख्या प्रयोगशाळेत तपासून अहवाल येईपर्यंत ते वेगळे ठेवणे, त्याची बादली, खरारा, तोबरा सगळे वेगळे ठेवणे, याला पर्याय नाही. धनुर्वाताची लस याच वेळी टोचतात, कारण घोड्याला धनुर्वात फार चटकन होतो आणि खिळ्याची साधी जखमही त्याला पुरते.

वेगळे म्हणजे एकांतवास नव्हे, हे चांगल्या ठिकाणी कटाक्षाने पाळतात. दोन कुंपणांमध्ये पुरेसे अंतर, पण दुसरे घोडे नजरेस पडले पाहिजेत. घोडा कळपाचे जनावर आहे. एकटा पडलेला घोडा खात नाही, पोट बिघडवून घेतो, झोपत तर मुळीच नाही. दूरवर का होईना, चार पाठी दिसल्या की त्याचे श्वास खाली येतात.

या दिवसांत नालबंद येतो आणि नाला उतरवतो. खिळ्यांची वळवलेली टोके कानशीने घासून एकेक खिळा हलक्या हाताने काढायचा. हिसका दिला तर खुराची भिंत फाटते. मग खूर समोर येतो, आणि जाणत्याला त्यावर घोडीचे मागचे वर्ष वाचता येते. खुरावर आडव्या रेघा असतात. ताप, चाऱ्यातला बदल, उपासमार, अतिखाणे या सगळ्यांची खूण तिथे उमटते. खूर महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतो. तेव्हा खुराच्या मध्यावरची खोल रेघ म्हणजे पाच-सहा महिन्यांपूर्वीचे दुखणे.

खूर पालथा केला की तळव्याच्या मध्यभागी त्रिकोणी, रबरासारखा भाग दिसतो. त्याला पुतळी म्हणतात. निरोगी घोड्याची पुतळी रुंद, चिवट आणि जमिनीला टेकणारी असते. सतत नाल मारलेल्या, लिदीत आणि मुतात उभ्या राहिलेल्या घोडीची पुतळी आक्रसून गेलेली आणि कुजल्याचा वास येणारी असते. टाचा अरुंद होऊन एकमेकींकडे वळलेल्या असतात. अशी घोडी टाच टेकायला भिते आणि पायाच्या टोकावर चालते. लंगडेपणाचे मूळ पुष्कळदा इथेच सापडते, मालक मात्र खांदा चोळत बसलेला असतो.

भाकरी का करपली?

आपल्या आजीने लहानपणी घातलेले कोडे आठवते का? भाकरी का करपली, पाने का सडली, घोडा का अडला? तिन्हीचे उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. अनवाणी घोड्यांचे उपचार करणारे आज जे सांगतात, ते या कोड्यापेक्षा फार वेगळे नाही.

प्रत्येक पावलागणिक खूर किंचित पसरतो, पुतळी आणि तिच्यामागची गादी दबते आणि रक्त वर ढकलले जाते. चालणे थांबले की हे काम मंदावते. ऑस्ट्रेलियातल्या रानटी घोड्यांना उपग्रहाने माग काढणारी यंत्रे बांधून संशोधकांनी मोजले तेव्हा ते दिवसाला सरासरी 16 किलोमीटर चालत असल्याचे आढळले. लहानशा आवारात ठेवलेला पाळीव घोडा जेमतेम एक किलोमीटर चालला. अमेरिकेत जेमी जॅक्सन हा नालबंद 1980 च्या दशकात नेवाडाच्या रानात मोकळ्या घोड्यांचे पाय पाहत फिरला आणि 1992 मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिले. कुणी नाल मारत नाही, कुणी कापत नाही, तरी त्या घोड्यांचे खूर आखूड, गोल आणि कठीण होते. इंग्लंडच्या एक्समूर भागात रॉकली फार्मवर निक बार्कर यांनी, औषधांनी आणि खास नालांनी बरे न झालेले लंगडे घोडे अनवाणी कळपात सोडून, खडी, वाळू, गवत अशा वेगवेगळ्या वाटांवर चालवून पाहिले. फार कशाला, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीक लेखक झेनोफनने घोड्याचे खूर घट्ट व्हावेत म्हणून तबेल्यासमोर गोल दगड पसरायला सांगितले होते.

याचा अर्थ उद्या सगळ्यांनी नाला उपटून फेकाव्यात, असा मुळीच नाही. दिवसभर डांबरावर गाडा ओढणाऱ्या घोड्याचा अनवाणी खूर वाढतो त्याहून लवकर झिजेल. हाड मोडलेले असेल, खुरात पू झाला असेल, तर आधी पशुवैद्यच हवा. आणि नाल काढल्यावर पहिले काही आठवडे घोडी आधीपेक्षा जास्त लंगडते, हे सांगायला उत्साही मंडळी विसरतात. पातळ झालेल्या तळव्याला खडा टोचतो. म्हणून सुरुवात मऊ वाळूवर. मग टणक माती, मग थोडी बारीक खडी. खादराच्या गाळवाळूवर बसून मला वाटले, लंगड्या खुराला पहिल्या महिन्यात याहून चांगले अंथरूण मिळायचे नाही. पाऊस पडला की मात्र तीच जमीन चिखल होते आणि पुतळी पुन्हा कुजते.

जमिनीचे महत्त्व आपल्या माथेरानच्या घोडेवाल्यांना कुणी शिकवायला नको. लाल मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवू लागल्यावर घोडे घसरतात, ही त्यांची तक्रार थेट न्यायालयापर्यंत गेली. पर्यटकाला सपाट रस्ता हवा असतो, घोड्याच्या पायाला पकड हवी असते.

आहारही बदलावा लागतो. लग्नाच्या घोडीला अंगावर तुकतुकी यावी म्हणून गूळ, चणे, कोंडा भरपूर चारतात. लोक प्रेमाने जिलेबीसुद्धा भरवतात. गोड आणि पिठूळ खाणे अति झाले की खुराच्या आतली नाजूक आवरणे सुजतात, खूर गरम लागतो आणि खुराच्या वर मागच्या बाजूला बोट टेकले तर नाडी थाडथाड उडते. तेव्हा चंदी कमी आणि वाळले गवत जास्त, तेही दिवसभर थोडे थोडे.

कळपात पाऊल

अहवाल चांगला आला आणि घोडी न भिता चार पावले टाकू लागली की तिची कळपाशी ओळख करून देतात. इथे घाई केली तर तीन आठवड्यांची मेहनत एका लाथेत जाते. धडधाकट घोडा नव्या कळपात मार खातो, पण पळून सुटतो. लंगडीला पळता येत नाही, हीच खरी अडचण.

प्रथम एक सोबतीण निवडतात. बहुधा वयस्कर, शांत, कळपात मान असलेली घोडी. जुन्या वाड्यात नव्या सुनेला आधी आत्याबाईंच्या हवाली करीत, तसाच प्रकार. दोघींमध्ये एक कुंपण. नाकाला नाक लागते, एकमेकींचे श्वास हुंगले जातात, मग एकदम किंचाळी आणि पुढच्या पायाचा फटका जमिनीवर. नवखा माणूस घाबरतो. हे भांडण नसते, नमस्कार-चमत्कार असतात. कान पूर्ण मागे चिकटले, मान लांब करून दात दाखवले, ढुंगण वळवले, तर मात्र सावध व्हायचे. दोन-चार दिवसांत कुंपणाच्या दोन बाजूंनी दोघी एकाच वेळी गवत खाऊ लागतात. मग मधले कुंपण निघते.

अशी जोडी जमल्यावर दोघींना मिळून कळपात सोडतात. जागा मोठी हवी आणि तिला कोपरा नको, कारण कोपऱ्यात सापडलेली लंगडी घोडी मार खाते. गवताचे ढीग घोड्यांच्या संख्येपेक्षा दोन-तीन जास्त आणि लांब लांब ठेवायचे, म्हणजे एका ढिगावरून हाकलली तरी तिला पुढचा ढीग सापडतो. पाणी दोन ठिकाणी. आणि कळपातल्या कुणाच्याही मागच्या पायात नाल नको. अनवाणी लाथेने सूज येते, लोखंडी लाथेने हाड जाते. अनवाणी कळपाचा हा एक फायदा पुस्तकांत शेवटी लिहितात, प्रत्यक्षात तो पहिला आहे.

पहिला दिवस तिला सगळे हाकलतात. ती कडेकडेने फिरते. सोबतीण कधी मध्ये उभी राहते, कधी नाही. राखणदाराने लांब उभे राहून पाहायचे आणि हात आवरायचा. भाकरीचा तुकडा घेऊन कळपात शिरणारा दयाळू पाहुणा सगळ्यात घातक, कारण त्या तुकड्यासाठी जी झुंबड उडते तिच्यात लंगडीच तुडवली जाते. आश्रम पाहायला मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी एवढे जरूर ध्यानात ठेवावे. खाऊ नेलाच तर तो राखणदाराच्या हाती द्यावा.

हाकलले जाण्यातही एक गंमत आहे. हाकलली की ती दहा पावले चालते. पुन्हा दहा. कळप पाण्याकडे निघाला की मागोमाग जाते, सावलीकडे वळला की सावलीकडे. मोतद्दाराने दोरी धरून दिवसातून दोनदा अर्धा तास फिरवली असती, त्याच्या कितीतरी पट ती स्वतः होऊन चालते, आपल्या वेगाने, दुखले की थांबून. ज्या खुराला फिरणे हेच औषध, त्याला ते औषध कळप पाजतो. एकट्या घोडीला वीस एकर रान मोकळे दिले तरी ती फाटकापाशी उभी राहील.

आठ-पंधरा दिवसांनी एक दृश्य दिसते. नवी घोडी आणि कळपातला एखादा घोडा समोरासमोर उलट दिशांना तोंडे करून उभे राहतात आणि एकमेकांच्या मानेच्या मुळाशी, जिथे स्वतःचे तोंड पोचत नाही तिथे, दातांनी खाजवतात. मैत्री झाली.

खुराचा पुढचा भाग पूर्ण नवा यायला 9 ते 12 महिने लागतात. खिळ्यांची भोके खाली खाली सरकत जातात आणि एक दिवस कानशीने झडून जातात. दर महिन्या-दीड महिन्याने कडा गोल करायच्या, पुतळी साफ ठेवायची, ओल टाळायची. काही घोड्या खडीवरून ताठ मानेने चालू लागतात. काहींचा पाय शेवटपर्यंत थोडा उणाच राहतो आणि त्या कळपाच्या मागे मागे, पण कळपातच, फिरत राहतात. कुणाचे दुखणे आत इतके गेलेले असते की पशुवैद्यालाच कठोर निर्णय घ्यावा लागतो. आश्रमाला देणगी देताना लोकांना फक्त पहिल्या प्रकारची गोष्ट ऐकायची असते. गवताचा खर्च मात्र तिन्ही प्रकारांना येतो.

घोडी खऱ्या अर्थाने रुळली कधी, हे राखणदार चालीवरून ठरवीत नाहीत. घोडा उभ्याने डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवेच व्हावे लागते, आणि आडवा पडलेला घोडा चटकन उठून पळू शकत नाही. म्हणून जिथे भीती आहे तिथे तो दिवसेंदिवस आडवा होत नाही. बँड आणि फटाक्यांत वर्षे काढलेली घोडी नव्या जागी कित्येक रात्री उभ्यानेच काढते. कधी गुडघे दुमडून पडता पडता सावरते. त्यामुळे तिच्या पायांच्या पुढच्या बाजूला खरचटलेले असते. मग एखाद्या पहाटे, धुके उतरलेले असताना, ती वाळूत सपशेल आडवी पडलेली दिसते. पाय लांब, ओठ सैल, पापण्या हलत असतात. शेजारी सोबतीण उभी असते, कान मागेपुढे फिरवीत. गवताची पाटी घेऊन निघालेला माणूस तिथे थबकतो आणि लांबचा वळसा घेऊन पलीकडच्या बाजूने जातो.